‘बाय वन्स, क्राय वन्स’ म्हणे!

इकडे अमेरिकेत रायफलची काडतुसं घरी रीलोड करायला (वापरलेल्या पुंगळीत, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळीत, नवा प्रायमर ही ठिणगी पाडणारी टोपी, पावडर आणि गोळी बसवायला) निघालेल्या नवशिक्याला पहिला सल्ला ठरलेला मिळतो: “सिंगल स्टेज प्रेसवर पैसे घालवू नकोस, वर्षभरात अडगळीत जाईल. सरळ प्रोग्रेसिव्ह घे, जोडीला इलेक्ट्रॉनिक डिस्पेन्सर. वेळ वाचेल, नेम सुधारेल, खर्च वसूल.” सिंगल स्टेज प्रेसवर दांड्याच्या एका ओढीत एकच काम होतं, प्रोग्रेसिव्हवर अनेक एकदम; डिस्पेन्सर पावडर तोलून देतो. ‘बाय वन्स, क्राय वन्स’ (एकदाच महागाचं घ्या, एकदाच रडा) हा हिंदीतल्या ‘महँगा रोए एक बार’चा अमेरिकी भाऊ. (भारतातल्या वाचकांसाठी: तिथे परवान्याविना काडतूस बनवणं शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे. पुढचं सगळं इकडचंच समजा.)

आधी वेळेचं बघू. प्रोग्रेसिव्हची कीर्ती पिस्तुलांवर उभी आहे. पिस्तुलाची पुंगळी बहुधा सरळ असते, कार्बाइड डायमधून (डाय म्हणजे पुंगळीला पुन्हा मापात आणणारा साचा) वंगणाशिवाय जाते. दांडा ओढला की काडतूस तयार. रायफलची पुंगळी मानेशी निमुळती. वंगण विसरलात तर ती डायमध्ये अशी रुतते की बाहेर काढण्यातच संध्याकाळ जाते. शिवाय वापर आणि साइझिंग (डायमधून मापात आणणं) यांत ती लांबते. .३०८ विंचेस्टर या रायफल काडतुसाच्या पुंगळीची कमाल लांबी २.०१५ इंच, त्यापुढे गेली की कापायची, तोंड आतून-बाहेरून घासायचं, वंगण पुसायचं. म्हणजे निम्म्या वाटेवर पुंगळी प्रेसवरून उतरलीच. मग एका दांड्यात एक काडतूस हे गणित उरतं कुठे? स्पर्धेसाठी हजारोंनी .२२३ रायफल काडतुसं भरणाऱ्याला प्रोग्रेसिव्ह हवंच, तो दोन फेऱ्यांत (आधी पुंगळ्या तयार करणं, मग भरणं) काम उरकतो. पण हरणाच्या हंगामापुरती शंभर काडतुसं भरणाऱ्याचं काय? शंभर चकल्यांना घरचा सोऱ्या पुरतो, फरसाणवाल्याचं यंत्र लागत नाही.

आणि नवशिक्याच्या बाबतीत मला वेगाची भीतीच जास्त वाटते. प्रोग्रेसिव्हवर एका ओढीत चार-पाच कामं एकदम होतात. पावडर पडली की नाही, दोनदा पडली का, हे बघायला सरावलेला डोळा लागतो. सिंगल स्टेजवर पावडर भरलेल्या पन्नास पुंगळ्या ठोकळ्यात ओळीने उभ्या असतात. गोळी बसवण्याआधी टॉर्च मारून एकेकीत डोकावता येतं. हा संथपणा मी फुकटात मिळालेला विमा समजतो.

‘महाग प्रेस म्हणजे नेम’ हा दावा तर बेंचरेस्टवाल्यांनी (रायफल टेबलावर टेकवून अचूकतेची स्पर्धा खेळणाऱ्यांनी) केव्हाच निकालात काढलाय. १०० आणि २०० यार्डांवर जगातले सर्वांत घट्ट ग्रुप (गोळ्यांच्या भोकांचे पुंजके) मारणारी ही मंडळी मैदानातल्या टेबलावर हाताने दाबायचा छोटा आर्बर प्रेस आणि हातातल्या डाय घेऊन बसतात. पावडरही बरेचदा तोलत नाहीत, मापाने टाकतात. नेम ठरतो तो पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) किती मागे सरकवला (बोल्ट रायफलला साधारण ०.००२ इंच पुष्कळ), मानेची पकड सारखी आहे का, गोळी किती खोल बसली, यावर. हे सांभाळतात नीट लावलेली डाय, कॅलिपर आणि त्याला लावून खांद्यापर्यंतची किंवा गोळीपर्यंतची लांबी मोजणारा कंपॅरेटर. रडायचंच असेल तर इथे रडा. स्वस्त कॅलिपरबद्दल मात्र ती म्हण शंभर टक्के खरी आहे.

अडगळीचा मुद्दा सर्वांत पोकळ. बहुतेक डाय सात-अष्टमांश इंच व्यासाच्या, इंचाला १४ आटे अशा एकाच मापाच्या असतात. ली, आरसीबीएस, रेडिंग, कोणाचीही डाय दुसऱ्याच्या प्रेसवर बसते. उद्या प्रोग्रेसिव्ह घेतलंत तरी आजच्या डाय चालतील, आणि जुनं सिंगल स्टेज प्रायमर काढायला बाकावर राहीलच.

डिस्पेन्सरचं थोडक्यात. साधा तराजूही ०.१ ग्रेन, म्हणजे सुमारे ६.५ मिलिग्रॅम दाखवतो आणि नेहमीचा डिस्पेन्सरही तेवढंच. जादा पैसे मोजता ते वेगासाठी. त्यात पंख्याच्या झुळकीने किंवा खोली तापल्याने त्याचे आकडे सरकतात, म्हणून तपासणीची वजनं जवळ लागतातच.

राहिला खर्च. महागड्या मॅच (स्पर्धेच्या) काडतुसांवर बचत खरी आहे, सरावाच्या स्वस्त .२२३ वर जेमतेम. त्यातही २०२० मध्ये दुकानांतून प्रायमरच गायब झाले, तेव्हा भारीतली भारी प्रेसही धूळ खात पडली. आणि काडतूस स्वस्त पडलं की माणूस जास्त झाडतो. माझे तरी वाचलेले डॉलर पुन्हा पावडरच्या डब्यातच गेले.