हत्ती नव्हे, थकबाकी

आमच्या भावोजींनी परवा घरच्या ग्रुपवर एक मजकूर ढकलला. माझ्याकडे तो तिसऱ्यांदा आला. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर उतरला, तेव्हापासून या मजकुराला पाय फुटलेत. मथळा असा: ‘दहा वर्षांवरची गाडी म्हणजे पांढरा हत्ती!’ खाली कारणं: इंजिनचं आयुष्य संपतं, पंधराव्या वर्षी सरकार गाडी भंगारात काढतं, पार्ट मिळत नाहीत, ई-२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल जुनं इंजिन खाऊन टाकतं, आणि वर्षाला चाळीस हजार गॅरेजात घालण्यापेक्षा नवीचा हप्ता परवडतो.

माझ्या दारात २००८ ची शेवरले ऑप्ट्रा आहे. पेट्रोल, पासिंग बडोद्याचं, जीजे-०६, किलोमीटर १ लाख ४६ हजार. म्हणजे मजकुराच्या हिशेबाने हत्ती मरूनही आठेक वर्षं झाली. तेव्हा उत्तर देणं मला भागच आहे.

‘दहा वर्षांत इंजिनचं आयुष्य संपतं.’ इंजिनात गजराचं घड्याळ बसवलेलं नसतं. धातूवर धातू घासून ते झिजतं, आणि घासू नये म्हणून ऑईल असतं. साधं मिनरल ऑईल पाच हजार किलोमीटरला बदलायचं, सिंथेटिक साधारण दहा हजाराला. किंवा वर्ष झालं की, जे आधी होईल ते. हे शेवटचे चार शब्द कुणी वाचतच नाही. भावोजींचं नेहमीचं वाक्य आहे: ‘अरे, गाडी चालतेच कुठे? सर्व्हिसिंग कशाला?’

गाडी न चालणं ही विश्रांती नसते, हे त्यांना कसं पटवावं कळत नाही. त्यांचं जाणं-येणं बडोद्यातच, दांडिया बाजार ते अलकापुरी, तेही गरनाळ्यात (रेल्वेखालच्या भुयारी रस्त्यात) पाणी नसेल तर. तीन-चार किलोमीटरमध्ये इंजिन पुरतं तापतही नाही. ऑईलमध्ये शिरलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला ऑईल चांगलं गरम व्हावं लागतं. ते झालं नाही की दोन्ही तिथेच मुरतात. हायवेवर अहमदाबादच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीचं ऑईल याहून बऱ्या अवस्थेत असतं.

दिवाळीत त्यांची गाडी बघायला मी टॉर्च घेऊन उकिडवा बसलो. २०१५ ची गाडी, जेमतेम ३८ हजार चाललेली. टायरची नक्षी कोरीकरकरीत. बाजूवर चार आकडे कोरलेले असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. तिथे होतं १११५. मार्च २०१५ मधलं रबर, गाडीसोबत आलेलं. दोन नक्षींच्या मधे, खाचेच्या तळाशी, उन्हाळ्यात तळ्याचा चिखल तडकतो तशा बारीक भेगा. ‘अजून पन्नास हजार जातील,’ भावोजी म्हणाले. टायर पाच-सहा वर्षांचा झाला की नक्षी कितीही उरलेली असो, त्याच्यावर भरवसा ठेवू नये. बडोद्याच्या मे महिन्यात तर नाहीच.

मग बॉनेट उघडलं. ब्रेक ऑईलच्या डबीत डोकावून मिस्त्री म्हणाला, ‘साहेब, आ तो चा थई गई छे.’ खरंच चहा झाला होता, तोही उकाळा. हे ऑईल हवेतलं पाणी शोषतं, गाडी उभी असली तरी. पाणी मुरलं की ते कमी तापमानाला उकळतं, आणि पावागडच्या माचीवरून उतरताना ब्रेक तापले की पेडल स्पंजासारखं खाली जातं. दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. खर्च चार जणांनी हॉटेलात जेवण्याइतका.

कूलंटचं, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं, माझंच सांगतो. २०१६ मध्ये एका गॅरेजवाल्याने रेडिएटरमध्ये सरळ नळाचं पाणी ओतलं आणि मी शेजारी उभा राहून बघत बसलो. दोन वर्षांनी तो उघडला तेव्हा आत गिझरच्या कॉइलवर चढतो तसला पांढुरका थर. रेडिएटर गेला. आता डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, दर दोन-तीन वर्षांनी.

आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्हचा ताळमेळ राखणारा पट्टा. ज्या इंजिनात चेन नसून बेल्ट असतो, तिथे तो तुटला की बहुतेक इंजिनांत पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, आणि मग इंजिनचं हेड (वरचा भाग) उतरवण्यावाचून गत नसते. गाडीगणिक साठ हजार ते लाखभर किलोमीटर हे त्याचं आयुष्य, पण रबर असल्यामुळे वर्षंही मोजायची. तुटण्याआधी तो आवाज करेलच असं नाही. मी बदलतो तेव्हा टेन्शनर (पट्टा ताणून धरणारी पुली) आणि वॉटर पंपही सोबत बदलतो, कारण तिथवर पोचायची मजुरी एकदाच द्यावी लागते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली, तेव्हाची गोष्टही इथलीच. आमच्या ओळखीत एका वर्षाची गाडी गेली आणि बारा वर्षांची वाचली. नवीवाल्याने पाणी ओसरताच उत्साहाने चावी फिरवली. सिलिंडरमध्ये पाणी होतं, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकला. जुनीवाल्याने बॅटरीची वायर काढली, गाडी ढकलत नेली, ऑईल आणि फिल्टर बदलल्याशिवाय स्टार्टरला हात लावला नाही. मजकूर लिहिणाऱ्याने वयाचा हिशेब इथे लावून दाखवावा.

‘पंधरा वर्षांनी सरकार भंगारात काढतं.’ हे दिल्लीचं इकडे चिकटवलंय. दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवरची बंदी दिल्ली आणि आसपासच्या राजधानी क्षेत्रापुरती (एनसीआर). आपल्याकडे पंधरा वर्षांनी आरसीचं नूतनीकरण होतं, गाडी तपासून, पाच-पाच वर्षांसाठी. एप्रिल २०२२ पासून कारची फी ६०० वरून ५ हजार झाली, हे टोचतं खरं. माझी २०२३ मध्ये दरजीपुऱ्याच्या आरटीओत झाली.

‘पार्ट मिळत नाहीत.’ हा टोमणा खास मलाच असावा. ऑप्ट्रा बनायची आपल्याच शेजारी हालोलला. एप्रिल २०१७ मध्ये तो कारखाना बंद झाला, वर्षअखेरीस तिच्या कंपनीने, जनरल मोटर्सने, भारतात गाड्या विकणं थांबवलं, आणि आता तिथे एमजीच्या गाड्या तयार होतात. म्हणजे माझी गाडी माहेर तुटलेली. तरी फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड, बेल्ट, बेअरिंग कधी अडलं नाही. या वस्तू गाडीची कंपनी स्वतः बनवतच नाही. पुरवठादार बनवतात, एकाच मापाच्या कितीतरी. अडतं ते हेडलाइट, बंपर, काच वर-खाली करायची यंत्रणा यांच्यापाशी, आणि तिथे मजकूर बरोबर आहे. जुन्या बाजारात शोधाशोध होते, कधी महिना जातो. मी बसवलेल्या प्रत्येक पार्टच्या खोक्यावरचा नंबराचा तुकडा फाडून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो. पार्टवाल्याला गाडीचं नाव सांगितलं की तो मान हलवतो. नंबर सांगितला की शिडी लावतो.

ई-२० बद्दल मजकूर अर्धा खरा. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, तेव्हा ॲव्हरेज थोडं उतरणारच. जुन्या होजपाइप आणि सीलच्या रबराला ते मानवतंच असंही नाही. मी इंधनाचे पाइप बदलून घेतले आणि दर सर्व्हिसिंगला जोडांपाशी वास घेऊन बघतो. टाकी रिकामी ठेवून गाडी महिनोन्महिने उभी करत नाही, कारण इथेनॉलही पाणी ओढतं. इंजिन मात्र कुणी खाल्लेलं नाही.

राहिला पैसा. सात लाखांचं कर्ज, नऊ टक्के, पाच वर्षं: हप्ता १४,५०० च्या आसपास, म्हणजे वर्षाला पावणेदोन लाख. नव्या गाडीचा विमा वेगळा. माझ्या वहीत गेल्या पाच वर्षांत सगळ्यात जड वर्ष होतं २९ हजारांचं, बेल्टचं. बाकीची पंधराच्या आत-बाहेर. भावोजींचा चाळीस हजारांचा आकडा खोटा नाही, त्यांचं बिल मी मागवून पाहिलं. चार टायर, बॅटरी, बेल्ट, कूलंट, ब्रेक ऑईल, खालचे बुश (सस्पेन्शनच्या जोडांतले रबर). त्यातलं एकही काम त्या वर्षाचं नव्हतं. सहा वर्षांची थकबाकी एका दुपारी वसूल झाली, आणि आता पुढची दोन-तीन वर्षं फार काही निघणार नाही. नेमक्या याच वेळी त्यांना गाडी विकायचीय. घेणारा खूश होईल.

जुनी विकायला एकच कारण मला पटतं, आणि ते त्या मजकुरात नाही. कारमध्ये एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि चालकाची एअरबॅग सक्तीची झाली २०१९ मध्ये, शेजारच्या सीटची त्यानंतर. त्याआधीच्या पुष्कळ गाड्यांत, विशेषतः खालच्या मॉडेलांत, यातलं काहीच नाही, आणि कुठलंही सर्व्हिसिंग ते आणून देत नाही. मुलगी लायसन्स काढून हायवेवर जायला लागली, तेव्हा तिच्यासाठी आम्ही वेगळी गाडी बघायला लागलो. ऑप्ट्रा गावात चालवायला माझ्याकडेच राहील. भावोजींना मी कळवलंय, तुमची विकणार असाल तर आधी मला विचारा.