सशांना ‘मोकळं सोडा’ म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार. ढब्बू आणि चिंगी या माझ्या दोन सशांच्या दिनक्रमावर मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची सविस्तर प्रतिक्रिया वाचली. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात देते. ससा रानातला प्राणी, त्याला फ्लॅटमध्ये कोंडणं हे क्रौर्य. दोघांची नसबंदी करून मी निसर्गात नको तिथे हात घातला. गाजराऐवजी सुकं गवत घालून त्यांना अर्धपोटी ठेवते. आणि शेवटी जाता जाता तुम्ही लिहिलंय, की पुतण्याकडेही अशीच जोडी आहे आणि पहिला पाऊस पडला की ती नागपूरजवळच्या गोरेवाड्याच्या जंगलाच्या बाजूला सोडून दे, असं तुम्ही त्याला सांगितलं आहे.

पहिल्या तीन मुद्द्यांवर निवांत वाद घालता आला असता. चौथ्यामुळे आज घाईने लिहायला बसले आहे.

आपल्या माळरानावर दिसतो तो रानससा वेगळा. मानेवर काळा पट्टा, लांब तंगड्या, एकटा राहणार, बीळ करणार नाही, गवतात दबून बसणार आणि जिवावर बेतलं की वाऱ्यासारखा पळणार. त्याची पिल्लं जन्मतःच अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन येतात. दुकानात मिळतो त्या पाळीव सशाचा पूर्वज स्पेन-पोर्तुगालकडचा, बिळांतून गटाने राहणारा. याची पिल्लं उघडीबोडकी आणि आंधळी जन्मतात. दोघांचा एकमेकांशी संकरही होत नाही. तेव्हा गोरेवाड्यात पुतण्याच्या सशांचे कोणी भाऊबंद त्यांची वाट बघत नाहीयेत. तिथे वाट बघणारे दुसरे आहेत: मुंगूस, रानमांजर, घार, वस्तीच्या कडेची भटकी कुत्री. त्यात अंग पांढरंशुभ्र, म्हणजे लांबूनही नजरेत भरणारं. बिळं खोदायची उपजत ओढ त्यांच्यात आहे खरी, पण पहिल्या रात्रीत कोणाचं बीळ तयार होत नाही.

आमच्या गॅलरीच्या कठड्यावर बोका आला की चिंगी मागचा पाय फरशीवर दाणकन आपटते. हा धोक्याचा इशारा. ढब्बू कान टवकारतो, दोघंही क्षणभर दगड होतात आणि बोका तिथेच बसलेला असताना पुन्हा गवत चघळायला लागतात! धोका कळतो, त्यातून निसटायची सवय मात्र कधी लागलेलीच नाही.

शिवाय हे कायद्यातही बसत नाही. प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 च्या कलम 11 नुसार, भूक-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे. आणि समजा, ससे जगले, वाढले, तर? ऑस्ट्रेलियात 1859 साली एका जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी मूठभर ससे मोकळे सोडले. पुढे त्यांनी कुरणंच्या कुरणं फस्त केली आणि शेवटी त्यांना आवरायला 1950 मध्ये मुद्दाम रोगाचा विषाणू पसरवावा लागला. आपल्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही, इथे खाणारे पुष्कळ आहेत. पण दोन्हीपैकी कुठल्याही शेवटाला ‘मुक्ती’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

नसबंदीबद्दल तुमचा राग समजू शकते, ऐकायला ते कठोरच वाटतं. पण हिशोब बघा. मादी चार-पाच महिन्यांची झाली की माजावर येते, गाभण राहिली की 31 दिवसांच्या आसपास विते, एका वेतात पाच-सहा पिल्लं सहज होतात. त्या पिल्लांमध्येही माद्या असतात. ‘जोडी आहे, राहू द्या एकत्र’ म्हणणाऱ्या घरांत वर्षभरात काय होतं आणि मग ती पिल्लं कुठे जातात, हे तुम्ही स्वतःला प्राणिमित्र म्हणवता म्हणून विचारते. दुसरं कारण आजाराचं. ऑपरेशन न झालेल्या माद्यांमध्ये तीन-चार वर्षांपुढे गर्भाशयाचा कर्करोग फार आढळतो. ससा आठ-दहा वर्षं जगू शकतो, म्हणजे अर्ध्या आयुष्यावर ही टांगती तलवार.

आणि ऑपरेशननंतर ते ‘निर्जीव खेळणी’ झाले, हा तुमचा शब्द मला लागला. एकदा येऊन बघाच. ढब्बू चिंगीसमोर जाऊन हनुवटी जमिनीला टेकवतो आणि डोकं तिच्या तोंडाखाली सरकवतो. याचा अर्थ, चाट. ती आपल्या मर्जीने दोन मिनिटं त्याचं कपाळ, पापण्या, कानांची मुळं चाटते. थांबली, की हा नाकाने तिला ढुशी देतो. फारच झालं तर ती उठून मागचे पाय झटकते आणि कोपऱ्यात जाऊन बसते. संध्याकाळी दोघंही हवेत उड्या घेत अंगाला पीळ देत खोलीभर धावतात. पिंजरा आहे, पण दार उघडंच असतं आणि त्यात गवताचा ट्रे ठेवलेला असतो. खाता खाता तिथेच लेंड्या टाकतात, त्यामुळे बाकी खोली बऱ्यापैकी स्वच्छ राहते. चार्जरच्या वायरी मात्र राहत नाहीत.

आता गाजर. चित्रांतल्या सशाच्या हातात गाजर असतं, माझ्या सशांना आठवड्यातून एखादी चकती मिळते. गाजरात साखर फार आणि सशाचं आतडं तंतूंवर चालतं. दात जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला साधारण 2 मिलीमीटर. ते झिजायला दिवसभर गवत दळत बसावं लागतं. म्हणून मुख्य खाणं वाळलेलं गवत, जोडीला हरळी, मुळ्याचा पाला, सांबार (म्हणजे कोथिंबीर), पुदिना, गाजराचाही पाला. लसूणघास मोठ्या सशाला रोज नको, कॅल्शियम जास्त होतं. सकाळी उठल्यावर मी आधी लेंड्या बघते. गोल, मोठ्या, कोरड्या असल्या की चहा ठेवायचा. बारीक झाल्या, किंवा ससा दहा-बारा तास खातच नाहीये, तर चहा राहू द्यायचा आणि डॉक्टर गाठायचा, कारण सशाचं आतडं थांबलं की वेळ फार थोडा उरतो.

एका बाबतीत तुमचं म्हणणं मला सरळ मान्य आहे. नागपूर ही सशांची जागा नव्हे. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो आणि सशाला 30 च्या पुढेच त्रास सुरू होतो. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर पडते. आमच्याकडे मार्चपासून त्यांच्या खोलीत कूलर असतो, पाण्याची बाटली फ्रीझरमध्ये गोठवून फडक्यात गुंडाळून ठेवते, दुपारी ओल्या हाताने कान पुसते. वीज गेली की जीव टांगणीला. शिवाय सशांचं नीट कळणारे डॉक्टर मोजकेच. माणसांना सर्रास देतात ते अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक सशाला तोंडावाटे दिलं, तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावू शकतो. ही जोडी आमच्याकडे बदली झालेल्या एका कुटुंबाकडून आली, विकत घेतलेली नाही. मुलांच्या वाढदिवसाला ससे घ्यायचे का, असं कोणी विचारलं की मी नाहीच म्हणते. तुमचा राग दुकानांवर आणि हौसेवर असेल, तर मी तुमच्याच बाजूची. घरात आलेल्या जिवाचं काय करायचं, हा प्रश्न मात्र त्यानंतरचा आहे.

तेव्हा पुतण्याला कृपा करून एवढं सांगा. जोडी सोडू नकोस. नको असेल तर इथेच खाली लिही, घर शोधायला मी मदत करते. तोवर दोघांना वेगळं ठेव, पण मध्ये जाळी असू दे, म्हणजे एकमेकांचा वास राहील आणि नंतर एकत्र आणताना मारामारी कमी होईल. नराचं ऑपरेशन आधी करून घे, ते मादीच्या मानाने सोपं. ऑपरेशनआधी उपाशी ठेवायचं नाही, सशाला उलटीच होत नाही. ऑपरेशननंतरही काही आठवडे त्याच्यापासून मादी गाभण राहू शकते, म्हणून लगेच एकत्र सोडू नकोस. पिंजऱ्याला खाली तारेची जाळी असेल तर त्यावर चटई नाहीतर गोणपाट घाल, तळपायांना जखमा होतात. आणि मादी स्वतःच्या पोटाचे केस उपटून कोपऱ्यात गोळा करत असेल, तर पिल्लं तोंडावर आली असं समज. नर अजून तिच्यासोबत असेल तर त्याच क्षणी त्याला दुसऱ्या खोलीत हलव. व्याल्यावर काही तासांतच ती पुन्हा गाभण राहू शकते.