एफजीडी गेलं, वीज स्वस्त झाली म्हणे!

आत्याचं घर चंद्रपूरला, दुर्गापूरच्या बाजूला. तुळशीच्या पानांवरची राख रोज धुणाऱ्या बाईने मला हा मेसेज पाठवावा, याचं जास्त वाईट वाटलं. मेसेज थोडक्यात असा: सरकारने औष्णिक केंद्रांवरची एफजीडीची सक्ती उठवली, आपल्या कोळशात गंधक नसतंच, हे परदेशी फॅड होतं, त्याने उलट कार्बन वाढतो, आता वीज युनिटमागे 30 पैशांनी स्वस्त होणार आणि चंद्रपूर, कोराडी सगळे सुटले. खाली हात जोडलेले चार इमोजी.

एफजीडी म्हणजे धुरातला सल्फर डायऑक्साइड, म्हणजे गंधक जळून होणारा वायू, बहुधा चुनखडीच्या मिश्रणाने शोषून घेणारी यंत्रणा. डिसेंबर 2015 मध्ये केंद्राने या वायूवर मर्यादा घातली, मुदत दिली दोन वर्षांची. मग मुदतवाढीवर मुदतवाढ, आणि 11 जुलै 2025 ला आली ती अधिसूचना जिच्यावर हा मेसेज बेतलाय.

आधी ते 30 पैसे. आपलं बिल उघडा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. यात एफजीडीचा आकार कुठे दिसतो? यंत्रणा बसवली की तिचा खर्च केंद्राच्या वीजदरात धरला जातो आणि तिथून आपल्या बिलात झिरपतो. देशातल्या बहुतेक वीजनिर्मिती संचांवर ती बसलेलीच नव्हती. जे बसलंच नाही त्याचे पैसे आपण भरत नव्हतो, मग ते कमी कुठून होणार? फार तर पुढची वाढ टळली म्हणा. न केलेल्या लग्नाचा खर्च वाचला म्हणून पेढे वाटण्यातला प्रकार आहे हा. आणि पेढे वाटतंय कोण, तर ज्यांच्या खिडकीतून धुराडी दिसतात ते!

गंधकाचं म्हणणं अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. आपल्या कोळशात ते साधारण अर्ध्या टक्क्याच्या आसपासच असतं. पण आपल्या कोळशात राख जास्त, उष्णता कमी, म्हणून जाळावाही जास्त लागतो. चंद्रपूरचं केंद्र 2920 मेगावॅटचं. पूर्ण क्षमतेने चाललं तर दिवसाला 40 हजार टन तरी कोळसा लागेल. त्याचा अर्धा टक्का म्हणजे 200 टन गंधक, आणि जळून वायू झाला की वजन दुप्पट. हे एका दिवसाचं.

‘हवेत मोजला तर हा वायू मर्यादेतच असतो’ हेही त्या मेसेजमध्ये आहे. असतो ना! कारण तो वायू म्हणून थांबत नाही. वाटेत त्याचे सल्फेटचे बारीक कण होतात आणि पीएम 2.5 मध्ये, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांमध्ये, मोजले जातात. उंच धुराड्याने तो नाहीसा होत नाही, दूरवर वाटला जातो.

कार्बनबद्दल: चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड निघतो, बरोबर. टनभर कोळशामागे साधारण सात किलो. तोच कोळसा जळताना निघतो चौदाशे किलोच्या आसपास. यंत्रणेला थोडी वीजही लागते. पुढे बोलू नये.

परदेशी फॅड? डहाणूच्या केंद्रात समुद्राच्या पाण्यावर चालणारी एफजीडी 2007 पासून आहे. चिकूच्या वाड्या असलेला तालुका, लोक भांडले, पर्यावरण राखायला प्राधिकरण नेमलं गेलं, यंत्रणा बसली.

राहिलं ‘सगळे सुटले’. अधिसूचनेत तीन गट आहेत. ‘क’ गटाला सूट, तीही धुराड्याच्या उंचीची अट घालून. देशातले बहुतेक संच यात येतात, त्यामुळे सूट मोठी आहे आणि मला ती पटत नाही. पण दहा लाखांवर वस्तीच्या शहरापासून 10 किलोमीटरच्या आतले संच ‘अ’ गटात. त्यांना डिसेंबर 2027 ची मुदत कायम आहे. कोराडी नागपूरला किती खेटून आहे ते नागपूरकरांना सांगायला नको. अतिप्रदूषित क्षेत्रं आणि हवेचे निकष न पाळणारी शहरं यांच्या जवळचे संच ‘ब’ गटात, आणि त्या शहरांच्या यादीत चंद्रपूर आहे. ‘ब’ गटाचा निर्णय तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवर, एकेका केंद्राचा वेगळा. यंत्रणा लागेल असं ठरलं तर मुदत डिसेंबर 2028. धूळ, नायट्रोजन ऑक्साइड, पारा यांच्या मर्यादांना तर हात लावलेलाच नाही.

म्हणजे चंद्रपूरकरांनी समितीपुढे काय मांडलं जातंय, संचांची आकडेवारी कुठे आहे, हे विचारायची वेळ आत्ता आहे, आणि नेमकं तिथेच ‘सुटलो’ म्हणून हात जोडले जातायत.