आयर्विन पूल आणि माझे नाक

पावसाळ्यात सांगलीत सकाळी कोणी भेटले, की नमस्काराच्या आधी प्रश्न येतो, "आयर्विनला किती?" पुलाजवळची इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, हे इथल्या पोरासोरांनाही पाठ असते, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांवर गेल्यापासून तर हा आकडा कळल्याशिवाय अनेकांच्या घशाखाली चहा उतरत नाही. आमच्या घरी मात्र हा प्रश्न आता बारमाही झाला आहे. "आज किती?" असे सौ. चहा गाळता गाळता विचारते, पुण्याहून मुलगा फोनवर विचारतो, आणि ही चौकशी कृष्णेच्या पाण्याची नसून माझ्या झोपेतल्या श्वासाची असते. झोपेत श्वासाची वाट मिटू नये म्हणून मास्कमधून दाबाची हवा सोडणारे सीपॅप नावाचे यंत्र माझ्या उशाशी असते, आणि विशेष म्हणजे ते हवेचा दाबसुद्धा पाण्याच्याच उंचीत मोजते. ते 4 सेंटिमीटरपासून 20 सेंटिमीटरपर्यंत चढू शकते आणि पहाटेच्या सुमारास माझी पातळी बहुधा अकराच्या आसपास असते.

या सगळ्याची सुरुवात मिरजेला झाली. दुखणे कोणतेही असो, आम्हा सांगलीकरांची वाट शेवटी मिरजेलाच जाते. तिथे एका रात्री डोक्याला, छातीला, पायाला आणि बोटाला वायरी चिकटवून "आता घरच्यासारखे निवांत झोपा" असे मला सांगण्यात आले. अहवाल आला तेव्हा कळले, की झोपेत माझा श्वास ताशी 42 वेळा अडतो किंवा उथळ होतो. घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू दचकून जागा होतो, आणि सकाळी या गृहस्थाला त्यातले काही आठवत नाही. किमान 10 सेकंदांची अडवणूकच यात धरतात, म्हणजे किरकोळ नोंदी आधीच वगळलेल्या असतात. ताशी 5 च्या आत ठीक, 30 च्या वर तीव्र, असे डॉक्टरांनी सांगताच सौ.ने "म्हणजे पूल बंदच की!" असा निष्कर्ष तिथल्या तिथे काढला.

खरा छळ यंत्र घेण्याचा होता. विक्रेत्याच्या प्रतिनिधीने आणलेला डबा देखणा होता. पण सकाळी ते यंत्र केवळ किती तास चालले एवढेच सांगत असे. मी म्हणालो, श्वास किती वेळा अडला, हवा किती गळली, दाब कधी चढला, हेही दिसायला हवे. त्यावर तो तरुण अत्यंत मायेने म्हणाला, "काका, डेटा डॉक्टर लोकांसाठी असतो. तुम्ही फक्त झोपायचं."

आता, उभा जन्म सहकारी संस्थांच्या लेखापरीक्षणात घालवलेल्या माणसाला असे सांगणे धोक्याचे होते. नुसती अखेरची शिल्लक पुढे करणाऱ्या आणि व्यवहारांची वही "सचिव गावाला गेलेत" म्हणून कपाटात ठेवणाऱ्या पतसंस्था मी पुष्कळ पाहिल्या आहेत; त्यांचे पुढे काय झाले, ते ठेवीदारांना विचारावे. यंत्र आठ तास चालले एवढ्याने आठ तास पंखा फिरला हे सिद्ध होते, मी श्वास घेतला हे नव्हे. शिवाय अडवणुकीतही दोन प्रकार असतात. एकात घसा मिटतो आणि दुसऱ्यात मेंदूच श्वासाचा हुकूम सोडायला विसरतो. पहिल्यावर दाब वाढवणे हा उपाय आहे, दुसऱ्यावर तो नुसता वाढवून भागत नाही. हा फरक ज्या यंत्राला कळत नाही, त्याच्या भरवशावर नाक सोपवायला मी तयार नव्हतो. प्रतिनिधीने "वरती विचारतो" असे सांगून फोन लावला आणि पलीकडच्याला हळू आवाजात "हिशेबनीस पेशंट आहे" असे कळवले, जे मला स्पष्ट ऐकू आले आणि आवडलेही.

पुढे आलेला डबा हुबेहूब पहिल्यासारखाच निघाला. रंग तोच, आकार तोच, फरक काय तो नावापुढच्या अक्षरांत. मी तो पलंगावर मांडून त्याचा मेनू शेवटच्या पानापर्यंत वाचला, कडेच्या झाकणाखालचे मेमरी कार्ड बाहेर काढून पाहिले, आणि मगच धनादेशावर सही केली. त्या वेळात प्रतिनिधीने दोनदा चहा घेतला. त्याचे मन रमावे म्हणून मी त्याला सांगितले, की हा उपाय सिडनीच्या कॉलिन सलिव्हन या डॉक्टरांनी 1981 मध्ये प्रसिद्ध केला आणि सुरुवातीच्या यंत्रांना व्हॅक्यूम क्लीनरची मोटर होती. हे ऐकून सौ. स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, मग आपला माळ्यावरचा आहे की!"

मास्कचे प्रकरण मिशीपाशी अडले. नाकावर बसणारा मास्क लावून प्रतिनिधीने यंत्र सुरू केले, तेव्हा डाव्या मिशीच्या टोकाखालून हवेची एक बारीक शीळ निघाली आणि थेट माझ्या डोळ्यात गेली. त्याने पट्टा आवळला, शीळ उजवीकडे सरकली. "काका, मिशी काढावी लागेल," असे तो म्हणाला. आमच्या घराण्यात मिशी केवळ सुतकात उतरते, आणि माझा श्वास चालू राहावा म्हणून तर हा सगळा खटाटोप होता. अखेर नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकणाऱ्या दोन मऊ रबरी नळ्यांचा मास्क निघाला आणि मिशी वाचली. आर्द्रतेच्या भांड्यासाठी डिस्टिल्ड वॉटर हवे होते, ते मागायला मी सवयीने बॅटरीच्या दुकानात गेलो. "गाडी कोणती?" असे दुकानदाराने विचारले, खरे उत्तर देण्याची ती जागा नव्हती. डॉक्टरांनी ते पाणी नाकाला नको असे बजावल्यावर औषधाच्या दुकानातून वेगळी बाटली आणली.

पण कार्ड संगणकात घातले आणि सगळ्या कष्टांचे चीज झाले. ऑस्कर नावाची एक फुकट प्रणाली आहे, ती रात्रीचा सगळा उतारा उलगडून दाखवते. माझे यंत्र हवेचा प्रवाह सेकंदाला 25 वेळा टिपते. म्हणजे सात तासांच्या झोपेत 6,30,000 नोंदी, आणि एकही व्हाउचर गहाळ नाही. निळी रेघ टेकड्यांसारखी वर-खाली होत जाते, मध्येच सपाट होते, आणि त्या सपाटीवर यंत्र इमानाने खूण करून ठेवते. पाठीवर वळलो की खुणांची दाटी होते, कुशीवर गेलो की विरळ होते, हे मला कोणीही न सांगता कळले. गळती मिनिटाला 24 लिटरच्या वर गेली, की ती मोठी मानायची; मास्कच्या भोकांतून मुद्दाम सोडलेली हवा यंत्र आधीच वजा करते, हे पाहून तर मला ते सेवेत असताना सहायक म्हणून मिळायला हवे होते असे वाटले. बेचाळीसचा आकडा आता तीनच्या आत राहतो आणि दुपारी वर्तमानपत्र हातातून गळत नाही.

यंत्र साक्षीला उभे राहिले, ते मात्र परवा. इचलकरंजीहून मेव्हणे आणि वहिनी मुक्कामाला होते. सकाळी सौ.ने जाहीर केले, की यंत्र वाया गेले, कारण रात्रभर घोरण्याने भिंती हलत होत्या. मी वाद घातला नाही. कार्ड काढले, उतारा उघडला आणि घोरण्याची रेघ दाखवली. रात्री अकरापासून साडेपाचपर्यंत ती जमिनीला चिकटून होती. सौ.ने चष्मा लावून ती दोनदा पाहिली. मग आम्हा सगळ्यांच्या नजरा दिवाणखान्यातल्या गादीकडे वळल्या, जिथे मेव्हणे उठून बसून भडंगाच्या बशीत लक्ष घालत होते.

"पुरावा काय?" मेव्हणे म्हणाले. वहिनी म्हणाल्या, की पुरावा पंचवीस वर्षे शेजारी झोपतो आहे, पण त्याचे कोणी ऐकत नाही. आणि त्यांनी लगेच माझ्याकडून मिरजेच्या डॉक्टरांचा नंबर लिहून घेतला.

निघताना मेव्हण्यांनी मला फाटकापाशी बाजूला घेतले. "दाजी," ते आवाज उतरवून म्हणाले, "ते पहिलं मशीन होतं ना, नुसते तास दाखवणारं, ते कुठं मिळतं?"