गुंडागाईचा पूर आणि यारी

लेख आवडला, पण १८५२ च्या पुरानंतर ऑस्ट्रेलियातलं गुंडागाई गाव टेकडीवर हललं एवढ्या एका ओळीत विषय संपवलात ते पटलं नाही. मुळात गाव आधी नदीकाठी वसलं कशामुळे, तर सिडनीहून दक्षिणेला जाणाऱ्या गाड्या मरमबिजी नदी तिथेच उथळ पाण्यातून ओलांडायच्या, म्हणून १८३८ मध्ये नदी आणि मॉर्लीज क्रीक हा ओढा यांच्या मधल्या सपाट जमिनीवर प्लॉट पाडले. ही जागा पाण्याखाली जाते हे तिथले मूळचे विराजुरी लोक सांगत होते हो, पण ऐकलं कुणी नाही! जून १८५२ मध्ये रात्रीत पाणी चढलं, जेमतेम अडीचशे वस्तीच्या गावातली ऐंशीच्या आसपास माणसं गेली, काही तर माळ्यावर चढून बसलेली घरासकट वाहून गेली.

आणि त्या अंधारात यारी नावाचा विराजुरी माणूस झाडाच्या सालीची होडी घेऊन एकेकाला झाडांवरून उतरवत होता, होडी एवढीशी की एका वेळी एकच माणूस मावायचा, जॅकी जॅकी नावाच्या दुसऱ्या विराजुरी माणसाकडे जरा मोठी होडी होती. बाकीचे विराजुरीही मदतीला होते. सगळ्यांनी मिळून साठाहून जास्त जीव वाचवले, आणि तेही ज्यांनी त्यांची जमीन घेतली त्यांचे, हे वाचून मला खरंच भरून आलं. या दोघांचा ब्राँझचा पुतळा गावात लागला तो थेट २०१७ मध्ये, म्हणजे १६५ वर्षांनी. प्लीज लेखात यांची नावं घाला.