‘जेन झी’च्या शब्दांच्या याद्या आणि त्यांतून निसटणारा अर्थ

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून, मग ते पुण्यातले असोत की न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांचे, सध्या इंग्रजी शब्दांची एक यादी फिरत असते. ‘रिझ’ म्हणजे समोरच्याला भुरळ घालण्याची हातोटी, ‘नो कॅप’ म्हणजे खोटे सांगत नाही, ‘स्ले’ म्हणजे झकास केलेस. डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ आणि वर मथळा, ‘तुमची मुले काय बोलतात ते जाणून घ्या’. यादी करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो आणि दिलेले अर्थही बहुधा बरोबर असतात. माझा आक्षेप निराळा आहे. स्लँगमधल्या, म्हणजे एखाद्या गटाच्या आपसातल्या बोलीतल्या, शब्दाचा निम्मा अर्थ तो कोण, कोणासमोर आणि कोणाला वगळून उच्चारतो यात असतो, आणि नेमका तेवढाच भाग उजवीकडच्या रकान्यात उतरत नाही.

लंडनच्या ईस्ट एंडमधल्या कॉक्नी, म्हणजे तिथल्या कामगारवर्गीय, लोकांची यमकांची भाषा पाहा. जॉन कॅम्डेन हॉटन यांच्या १८५९ सालच्या शब्दसंग्रहात तिची नोंद आहे. ‘लुक’शी यमक म्हणून ‘बुचर्स हुक’ घ्यायचे आणि मग बोलताना यमक जुळवणारा ‘हुक’च गाळून टाकायचा. ‘हॅव अ बुचर्स’ म्हणजे ‘जरा बघ’. परक्याच्या कानावर फक्त खाटीक पडतो. ज्या शब्दावरून अर्थ लागला असता, तो मुळी उच्चारलेलाच नसतो. ही भाषा फेरीवाल्यांनी गिऱ्हाइकांपासून लपण्यासाठी घडवली, चोरांनी पोलिसांपासून लपण्यासाठी, की निव्वळ गंमत म्हणून ती रुजली, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला तिन्ही कारणे एकाच जातीची वाटतात, कारण तिन्हींत परक्याला बाहेर ठेवणे आहेच.

वरून घडवून दिलेल्या शब्दाचे काय होते, याचाही एक झकास दाखला आहे. अमेरिकेत दारूबंदी असताना, बंदी झुगारून पिणाऱ्यांना लाज वाटेल असा शब्द सुचवण्यासाठी बॉस्टनमध्ये २०० डॉलरचे बक्षीस जाहीर झाले. हजारो सूचनांमधून जानेवारी १९२४ मध्ये ‘स्कॉफलॉ’, म्हणजे कायद्याची टर उडवणारा, हा शब्द निवडला गेला. त्याच महिन्यात पॅरिसच्या एका अमेरिकन बारमध्ये त्याच नावाचे कॉकटेल मिळू लागले! ज्यांना लाजवायचे होते त्यांनी शब्द मिरवला. आज तो वाहतुकीचा दंड न भरणाऱ्यांसाठी वापरला जातो.

याच्या उलट टोकाला ‘सिक्स-सेव्हन’ आहे. एका रॅप गाण्यातून उचललेले हे दोन आकडे अमेरिकेतली शाळकरी मुले दोन्ही तळहात वरखाली करत ओरडू लागली आणि २०२५ साली डिक्शनरी डॉट कॉमने त्यांना वर्षाचा शब्द ठरवले. याद्यांमध्ये त्याचा अर्थ ‘ठीकठाक’ असा दिलेला आढळतो, कारण रकाना रिकामा ठेवणे बरे दिसत नसावे. पण शिक्षकांनी सदुसष्टावे पान उघडायला सांगितले की खिदळणारी मुले ‘ठीकठाक’ या अर्थाला हसत नाहीत. शिक्षकांना कळत नाही, याला हसतात.

याद्यांवरचा माझा खरा राग मात्र त्यांच्या मथळ्यावर आहे. ‘जेन झीची भाषा’ किंवा ‘इंटरनेटची भाषा’ म्हणून जे खपवले जाते, त्यातले कितीतरी शब्द कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतून आलेले आहेत. ‘स्ले’ची आणि ‘थ्रोइंग शेड’ची (आडून टोमणा मारणे) वाट तर न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी व ट्रान्स समाजाच्या बॉलरूम परंपरेतून, म्हणजे पेहराव आणि नृत्याच्या स्पर्धांतून, येते. मूळ मालकांचे नाव पुसून शब्द तेवढा घ्यायचा, हे नवे नाही. कादंबरीकार विल्यम मेल्विन केली यांनी १९६२ सालीच न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात याची चर्चा केली होती, आणि त्या लेखाच्या शीर्षकातच ‘वोक’, म्हणजे शब्दशः ‘जागा झालेला’, हा शब्द होता.

या ‘वोक’चा प्रवास पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात १९३१ साली नऊ कृष्णवर्णीय मुलांवर बलात्काराचा खोटा आरोप ठेवला गेला. त्या स्कॉट्सबरो प्रकरणावर गाणाऱ्या लेड बेली यांनी १९३८ च्या ध्वनिमुद्रणात आपल्या लोकांना बजावले की, तिकडून जाताना ‘वोक’ राहा. तेथे त्याचा अर्थ जिवाला जपा, असा होता. पुढे तो चळवळीची घोषणा झाला, मग जाहिरातींत शिरला, मग टिंगलीचा विषय ठरला. २०२२ साली फ्लोरिडात वंश आणि वर्णभेदाविषयीच्या शिकवणीवर निर्बंध घालणारा कायदा आला, तो ‘स्टॉप वोक अ‍ॅक्ट’ या नावाने. यादीत या शब्दापुढे ‘जागरूक’ असे लिहिलेले असते. चूक म्हणता येणार नाही. पण ‘तो फार वोक आहे’ हे वाक्य आज कौतुक आहे की शिवी, हे बोलणाऱ्याकडे पाहिल्याशिवाय त्या यादीवरून कोणाला ठरवता येईल?