आईने सगळ्यांना सिंगापूर सांगितलंय

तुम्ही एकतीस वर्षांचे, बिनलग्नाचे असाल ना, तर नगरमध्ये टपरीवर चहा पिता पिता एकदा सहज म्हणून बघा, "थायलंडला चाललोय, शिकवायला." आधी सगळे गप्प होतात. मग एकजण ग्लासात बघत विचारतो, "शिकवायला का शिकायला?" आणि मग जे फिदीफिदी हसणं सुरू होतं ते तुम्ही विमानात बसेपर्यंत थांबत नाही. मी कागद दाखवले, शाळेचं पत्र दाखवलं, पत्रावरचा शिक्का दाखवला, तर म्हणे "राव, शिक्का तर आमच्या मंडळाचा पण आहे." शेवटी आईनेच निर्णय घेतला. शेजारपाजारी, भिशीत आणि मोठ्या मावशीला तिने परस्पर सांगून टाकलं की पोरगा सिंगापूरला चाललाय. का, तर सिंगापूर म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

तसा मी नगरच्याच सावेडीत नऊ वर्षं स्पोकन इंग्लिशचे क्लास घेत होतो, त्यामुळे शिकवायचं टेन्शन नव्हतं. टेन्शन दिलं ते जाहिरातींनी. तिकडच्या जाहिरातीत "नेटिव्ह" शिक्षक पाहिजे असं लिहून पुढे देशांची यादी असते, अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, साउथ आफ्रिका. ह्यात आपण नाही, त्यामुळे पगारही जाहिरातीतला नाही. मग सिद्ध करा की तुम्हाला इंग्रजी येतं. इंग्रजीत एमए केलेल्या माणसाने टोइकची परीक्षा दिली, ९९० पैकी मार्क असतात, आणि त्यात रेकॉर्डिंगमधल्या बाईने ऑफिसचा प्रिंटर बिघडलाय म्हणून सांगितलं की त्या प्रिंटरचं पुढे काय झालं ते ओळखायचं. शिवाय १२० तासांचा ऑनलाइन टीईएफएल कोर्स, म्हणजे परक्यांना इंग्रजी कसं शिकवायचं त्याचा, पोलिसांचं क्लिअरन्स, डिग्रीचं अटेस्टेशन आणि त्यासाठी मुंबईच्या खेपा.

पण सगळ्यात भारी कागद तिथे पोचल्यावर मिळाला. वर्क परमिटसाठी मेडिकल सर्टिफिकेट लागतं आणि त्यावर रोगांची नावं छापलेली असतात, ते तुम्हाला नाहीत असं डॉक्टरने लिहून द्यायचं. कुष्ठरोग नाही, क्षय नाही, हत्तीरोग नाही, ड्रग्ज नाही, दारूचं व्यसन नाही, आणि तिसऱ्या टप्प्यातला सिफिलिस नाही. (तिसऱ्याच? म्हणजे पहिला-दुसरा असेल तर वर्गावर जा?) डॉक्टरने टेबलापलीकडून माझ्या पायांकडे एक नजर टाकली, हत्तीरोग कॅन्सल झाला, बाकीचे त्याने माझ्या चेहऱ्यावरूनच कॅन्सल केले असावेत. मी गंमत म्हणून आईला फोटो पाठवला तर ती म्हणाली, "नीट ठेव तो कागद, बायोडेटाला लावता येईल."

गावाचं नाव नखॉन सवन. बँकॉकच्या उत्तरेला अडीचशे किलोमीटरच्या आत, पिंग आणि नान नद्या एकत्र होऊन जिथे चाओ फ्राया सुरू होते तिथे. नखॉन म्हणजे नगर आणि सवन म्हणजे स्वर्ग, म्हणजे मी नगरहून निघून सुवर्णभूमी विमानतळावर उतरून परत नगरलाच पोचलो, फक्त पुढे स्वर्ग लागला. मला वाटलं वा, सगळं आपलंच आहे की! गुरूला ख्रू म्हणतात, भाषेला फासा, वेळेला वेला. मग ऑफिसात फॉर्म भरायला दिला तर त्यावर साल २५६६. आपण इकडे शके १९४५ म्हणून ७८ वर्षं मागे, ते बुद्धाच्या हिशोबाने ५४३ वर्षं पुढे, आणि मी मधे पेन धरून २०२३ मध्ये अडकलेलो.

शाळेने पोरांना बहुतेक "परदेशी टीचर येणार" एवढंच सांगितलं होतं. तिकडे परदेशी म्हणजे फरांग, म्हणजे गोरा. पेरूलाही फरांगच म्हणतात. आणि आपल्यासारख्यांना म्हणतात खॅक, त्याचा खरा अर्थ पाहुणा. तर पेरूची वाट बघत बसलेल्या पोरांसमोर पाहुणा उभा राहिला. एकाने धीर करून विचारलं, "टीचा, अमेरिका?" मी म्हटलं इंडिया. दोन सेकंद शांतता, आणि मग अख्खा वर्ग आनंदाने ओरडला, "रोतीऽऽ!" तिकडे गाडीवर रोटी मिळते, आत केळं आणि वरून कंडेन्स्ड मिल्क. माझी राष्ट्रीय ओळख ती.

पण त्याच्याही आधी, पहिल्याच दिवशी सकाळी सव्वासातला मला गेटवर उभं केलं होतं. येणारं प्रत्येक पोरगं थांबून हात जोडतं, म्हणजे वाय करतं, आणि मी उत्साहाच्या भरात प्रत्येकाला आपल्याकडच्या लग्नात दारात उभे असतात तसा वाकून नमस्कार करत होतो. शंभरेक पोरांनंतर शेजारची थाई मॅडम हळूच म्हणाली की टीचरने एवढं वाकायचं नसतं, मान हलवली तरी पुरे. आठला झेंडावंदन, राष्ट्रगीत, आणि ते झाल्या झाल्या कोणीतरी माझ्या हातात माइक दिला. फाइव्ह मिनिट, इंट्रोड्यूस. पाच मिनिटात ओळख संपली, म्हणजे खरं तर दीड मिनिटातच संपली, आणि समोरून सुरू झालं, "टीचा डान्स! टीचा डान्स!" १२० तासांच्या कोर्समध्ये हे कुठेच नव्हतं. आता मला नाच एकच येतो, विसर्जनाच्या मिरवणुकीतला. मी तो टाय घालून केला. ढोल नव्हता, ताशा नव्हता, मे महिन्यातलं थायलंडचं ऊन होतं, आणि हेडसर पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्यानंतर दर शुक्रवारी मला स्टेजवर बोलवायला लागले. माझ्या एमएबद्दल आजपर्यंत कोणी एक शब्द विचारलेला नाही.

वर्गात अठ्ठेचाळीस पोरं. हजेरी घ्यायला गेलो तर कळलं की खरी नावं हातभर लांब असतात म्हणून सगळे टोपणनावांवर चालतात, आणि टोपणनावं म्हणजे बँक, बिअर, गोल्फ, बेन्झ, बॉस. आईस आणि क्रीम अशा दोन मुली शेजारी शेजारी बसायच्या. "व्हेअर इज बिअर?" असं मी सकाळी पावणेनऊला चारचौघात ओरडून विचारायचो, आणि मागून उत्तर यायचं, "टीचा, बिअर नो कम. बिअर सिक." टपरीवरच्या मंडळींनी हे ऐकलं असतं तर माझं काही खरं नव्हतं.

आता मुख्य गोष्ट. मी तयारीने गेलो होतो, वीसेक थाई शब्द पाठ होते, त्यातला एक "मा", म्हणजे ये. मला काय माहीत की थाई सुरांवर चालते! आवाज सपाट ठेवून मा म्हटलं तर ये. आवाज वर उचलत नेला तर कुत्रा. आणि उंच ठेवला तर घोडा. आपण कोणाला प्रेमाने बोलवताना आवाज खाली ठेवतो का? आपण "येऽऽ?" असा वर नेतो. तर मी फळ्याजवळ उभा राहून एकेका पोराला, चेहऱ्यावर माया आणून, हाताने बोलावत म्हणत होतो, "बँक, कुत्रा? बेन्झ, कुत्रा? कम कम, कुत्रा?" आणि ती सोन्यासारखी पोरं उठून येत होती! हसू दाबून लालेलाल, पण येत होती. दोन आठवडे हे चाललं. तिसऱ्या आठवड्यात क्रीमने मला बाजूला घेऊन वहीत कुत्रा आणि घोडा काढून दाखवला आणि दहा मिनिटं माझी तालीम घेतली, मी म्हणायचो मा, ती डोकं हलवायची, डॉग. परत मा. हॉर्स, टीचा. शेवटी एकदाचा "ये" जमला तर तिने वहीतला स्मायलीचा स्टिकर काढून माझ्या शर्टाला लावला.

आणि इंग्रजीचं काय, तर तेही तिने आणि तिच्या वर्गानेच मला शिकवलं म्हणायला पाहिजे. थाईत शब्दाच्या शेवटी ल टिकत नाही, त्याचा न होतो. फुटबॉलचा फुटबॉन, हॉटेलचा होतेन, स्कूलचा सकून. मी आठवडाभर जीभ टाळूला लावून ल्ल्ल करून दाखवला, पोरांनी माझी जीभ बघितली, माझे दात बघितले, आणि एका सुरात म्हणाली सकूऽऽन. मग व्ही आणि डब्ल्यू. पुस्तकात लिहिलेलं की व्हीला खालचा ओठ दातात धरायचा. मी "व्हेरी वेल" म्हटलं, त्यांनी "वेली वेन" म्हटलं, आणि त्या क्षणी मला कळलं की दोन्ही व माझेही जवळपास सारखेच आहेत, नऊ वर्षं सावेडीत ते कोणी पकडलं नव्हतं. मी तो धडा गुपचूप उलटला.

बाहेर तर मीच शरण गेलो. टॅक्सीवाल्याला सेंट्रल (तिकडचा मॉल) कळत नाही, सेन्तान कळतं. हॉटेल कळत नाही, होतेन कळतं. सहा आठवड्यांनी आईशी बोलताना मी म्हणालो, "अगं हॉस्पिटॅनजवळ राहतो मी." आई म्हणाली, "आत्ता काय म्हणालास? तू तिकडे इंग्लिशच शिकवतोस ना रे?"

जेवणाचं थोडक्यात सांगतो. आमच्या घरात माळ आहे, मी शाकाहारी. कॅन्टीनच्या मावशींना "नो मीट" सांगितलं की त्या प्रेमाने मान हलवून बारीक खिमा घालायच्या, कारण एवढा बारीक म्हणजे मीट थोडंच! मग "मांगसविरत" शब्द सापडला, म्हणजे मांस आणि विरती, पण फिश सॉसला तो लागू आहे असं मावशींना वाटत नव्हतं. खरी सुटका केली पिवळ्या झेंड्यावरच्या लाल "जे" अक्षराने. तो झेंडा जिथे लावलेला असतो तिथल्या जेवणात मांस-मच्छी तर सोडाच, कांदा-लसूणही नसतो. आईला सांगितलं तर म्हणाली, "बघ, चातुर्मासाची सोय झाली."

जूनमध्ये एका गुरुवारी शाळेत वाय ख्रू होतं, म्हणजे गुरुवंदना. मला स्टेजवर खुर्चीत बसवलं, डान्स नाही म्हणाले, नुसतं बसायचं. आणि पोरं गुडघ्यांवर सरकत सरकत पुढे आली, हातात उंच बैठकीची तबकं. त्यात फुलं असतात, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला, टोकदार कळ्यांची लाल फुलं म्हणजे बुद्धी तल्लख, वांग्याचं फूल खाली झुकतं म्हणून नम्रता. आणि सोबत हिरवी जुडी, ती झपाझप पसरते तशी विद्या पसरावी म्हणून. जुडी जवळ आली आणि मी बघतच राहिलो, अहो ती हरळी होती, आपल्या दूर्वा! बँक, बिअर (त्या दिवशी बरा होता), बेन्झ, सगळे माझ्यासमोर डोकं टेकून बसलेले, ज्यांना मी दोन आठवडे कुत्रा म्हणत होतो. मला इतकं भरून आलं की काय बोलावं सुचेना, आणि सुचलं ते "थँक्यू वेली मच."

संध्याकाळी, शाळेच्या नाचाच्या खोलीत एक गणपती आहे, फ्रा फिक्कनेत म्हणतात तिकडे, म्हणजे आपला विघ्नेश, त्याच्यापुढे त्यातली एक जुडी ठेवली आणि आईला फोटो पाठवले. लगेच व्हिडिओ कॉल. आईने गणपती बघितला, दूर्वा बघितल्या, चष्मा वर सरकवला.

"एकवीस होत्या का रे मोजून?"

मोजल्या नव्हत्या.

"बरं असू दे. फोटो चांगले आलेत, पण स्टेटसला ठेवू नको बाबा. मी सगळ्यांना सिंगापूर सांगितलंय."